टॅम्सीचा आवाज

अड्यार, चेन्नई
११ जून २००६

रंजू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, याचाच मला आनंद आहे. घाबरू नकोस. आधीच्या तीन पत्रांसारखं हे नाही. कॉलेजनं तुझं नाव अजून काढलेलं नाही, परत ये, हेमामावशीला किती दिवस त्रास देणार, यातलं एक अक्षरही यात येणार नाही. उत्तरही नको. मला फक्त कुणालातरी सांगायचंय आणि घरात सांगण्यासारखं कुणी नाही. म्हणजे आजी आहेत, अप्पा आहेत, पण सांगितलेलं नाही.

मी सोळा वर्षांची झाले आहे!

नीट सांगते. गेल्या सोमवारी ऑफिसात फोन वाजला. मी नेहमीसारखं "गुड मॉर्निंग" म्हणून कंपनीचं नाव घेतलं, तर पलीकडून एक बाप्या एकदम मऊ आवाजात म्हणतो, "पाप्पा, अप्पा इरुक्कारा?" म्हणजे, बाळा, बाबा आहेत का घरी! मी म्हटलं, साहेब, ही गिंडीतली कॉम्प्रेसरची कंपनी आहे, मी इथली टेलिफोन ऑपरेटर आहे आणि मला सेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली आहेत. मग म्हणतो, "अम्मा, जरा एक वाक्य म्हणाल का? 'अय्यो, माझा दुसरा बूट कुठाय?' असं?"

मी फोन आपटला. चोवीस वर्षांच्या नोकरीत असले कितीतरी टवाळखोर ऐकलेत.

पुन्हा वाजला. या वेळी त्यानं आधी नाव सांगितलं. गुरुमूर्ती. वडपळनीत त्याचा स्टुडिओ आहे, परदेशी कार्टून तमिळमध्ये करतात. स्टुडिओचा एसी बंद पडला म्हणून कॉम्प्रेसरसाठी फोन केला होता आणि तीन आठवडे तो एका सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज शोधत होता. तेरा कॉलेजकन्यका ऐकून झाल्या. "सगळ्या मावश्या वाटतात," म्हणाला. "खरी मुलगी आज सापडली."

शनिवारी गेले. हो, मी. एकटी. कुणाला न विचारता.

आत भिंतींना गाद्या लावल्यासारखं काहीतरी, कानावर हेडफोन, समोर पडदा. पडद्यावर एक पोरगी. रंजू, काय सांगू! डोकं एवढं थोरलं की त्या काडीएवढ्या मानेवर कसं राहिलंय देव जाणे. अर्धा चेहरा डोळ्यांनीच व्यापलेला, ओठ फुगलेले, आणि पायांतले बूट म्हणजे दोन सुटकेस. अमेरिकेत या नटव्या बाहुल्या दुकानात विकतात म्हणे, त्यांच्यावरून ही मालिका काढलीय. चार मैत्रिणी आहेत, सगळ्या सोळाच्या. एक जुनी बस घेतलीय आणि त्या बसमध्ये कपडे शिवायचं दुकान थाटलंय. माझी आहे ती टॅम्सिन, टॅम्सी म्हणतात. ती बेततेही आणि शिवतेही.

हो, शिवते. हस हवं तर.

मी बुटाचं वाक्य म्हटलं. एकदाच. काचेपलीकडे गुरुमूर्ती खुर्चीतून उठून उभा राहिला. सव्वीस भाग आहेत. सगळे माझे.

तुझी
अम्मा


२ जुलै २००६

रंजू,

पाच भाग झाले! वाटतं तितकं सोपं नाही बरं का. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा दाखवतात. आधी इंग्रजी ऐकायचं, मग टॅम्सीच्या ओठांकडे बघत आपलं तमिळ तिच्या तोंडात बसवायचं. तिनं तोंड मिटलं की आपणही मिटायचं. एक अक्षर पुढं नाही, मागं नाही. नुसतं बोलणंच नाही, धापा टाकायच्या, पिझ्झा खायचा, जिन्यावरून घसरायचं, मैत्रिणीच्या कानात कुजबुजायचं. परवा मी सलग वीस मिनिटं खिदळत होते. घरी आले तर बरगड्या दुखत होत्या. शेवटचं इतकं कधी हसले होते, आठवेना.

लिहून दिलेले संवाद अगदी पाठ्यपुस्तकातले असतात. सोळा वर्षांची पोर "मला कंटाळा आला आहे" असं कधी म्हणते का? मी म्हटलं, "सेम बोर, डी." गुरुमूर्तीनं रेकॉर्डिंग थांबवलं. मला वाटलं, ओरडणार. तो म्हणाला, "अम्मा, हे कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "आमच्या घरी एक होती." मग घाईघाईनं म्हटलं, "आहे. पुण्याला असते."

तुझं बरंच काही वापरतेय मी. ओठ दाबून 'प्च' करायचीस ते. वाक्य अर्धं सोडून "विडु", जाऊ दे, म्हणायचीस ते. तू इथं होतीस तेव्हा या एकेका गोष्टीवरून मी तुला बोलले आहे, नीट बोल, पूर्ण बोल, मोठ्यांसमोर प्च प्च करू नकोस. आता तेच सगळं आठवून आठवून जमवते आणि बाहेर लोक वा वा करतात.

घरी सांगितलंय, ऑफिसात नवीन टेलिफोनची यंत्रणा बसवताहेत, शिकायला थांबावं लागतं. अप्पा काही बोलत नाहीत. आजींना मात्र संशय आहे. काल दारातच विचारलं, "कसाला गे इतका उशीर?" आणि नंतर माझ्या साडीचा वास घेतला. स्टुडिओतल्या गाद्यांना नव्या रेक्झिनचा वास येतो, तो साडीला लागला असणार. त्यांना काय वाटलं असेल ते विचारायचं धाडस झालं नाही.

एक विचारायचंय. टॅम्सीचा एक झगा आहे, हिरवा, कमरेपासून खाली असा काही पाण्यासारखा पडतो की बघत राहावं. ती वळली की तो तिच्यानंतर वळतो. चित्रच आहे, तरी. कापड तिरकं धरून कापलं की असं होतं का? त्याला काहीतरी शब्द आहे, तू एकदा म्हणाली होतीस. मी तेव्हा ऐकलं नाही.

उत्तर नको म्हटलंय ते खरंच आहे. सहज विचारलं.

अम्मा


३० जुलै २००६

रंजू,

पकडले गेले!

मंगळवारी सकाळी न्हाणीघरात सराव करत होते. टॅम्सी एका पार्टीत कुत्र्याला घाबरते, ते ओरडणं जमत नव्हतं. नळ मोठा सोडला होता, वाटलं ऐकू जाणार नाही. बाहेर आले तर दारात आजी उभ्या, हातात विभूतीचा डबा. मला काही कळायच्या आत त्यांनी माझ्या कपाळावर एवढं थोरलं बोट ओढलं आणि म्हणाल्या, "कोण तू? कुठली पोर? सांग, का आलीस हिच्यात?"

दीड महिना सांभाळलेलं मी अर्ध्या मिनिटात ओकले. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "टीव्हीत येणार? खरंच?" हो म्हटलं. "तुझा आवाज? अस्की मद्रास ऐकणार?" अगदी सगळं मद्रास नाही, पण हो. झालं! दहा वाजेपर्यंत आपल्या चारही मजल्यांना बातमी. खालच्या मजल्यावरच्या मुली "टॅम्सीअक्का" म्हणून हाक मारतात मला. आजी त्यांना दटावतात, नुसतं अक्का नाही, "आर्टिस्ट" म्हणा.

संध्याकाळी अप्पा बँकेतून आले. कॉफी पुढे करून त्यांना सगळं सांगून टाकलं, खोटं बोलले होते ना इतके दिवस. त्यांनी कॉफी संपवली. कप ठेवला. म्हणाले, "रंजूला फार मजा वाटेल."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत तिला काय वाटेल?"

त्यांचे कान लाल. तुझ्या अप्पांना खोटं बोलता येत नाही, फक्त न बोलता येतं.

तर दर रविवारी भाजी आणायला जाऊन तासभर का लागतो, ते मला आता कळलं. डिसेंबरपासून! बँकेखालच्या बूथवरून! आठ महिने नवरा माझ्या लेकीशी बोलतोय आणि मी तिकडे पत्रामागून पत्रं पाठवतेय भिंतीला चेंडू मारल्यासारखी. खरं सांगते, माझं डोकं असं फिरलं की हातातली सांडशी मी ओट्यावर आदळली. म्हटलं, "तुम्ही दोघांनी मिळून मला..." आणि पुढं काय म्हणायचं सुचेना. कारण तुम्ही दोघांनी मिळून मला काहीच केलेलं नव्हतं.

मग सांडशी उचलली आणि विचारलं, "कशी आहे?"

अप्पा म्हणाले, "बरी आहे. शिवणाच्या क्लासला पहिली आली. केस कापलेत."

"माझ्याबद्दल काही?"

"काही नाही." मग, "हेमा सांगत होती, बुटाचं पत्र दोनदा वाचलं म्हणे."

दोनदा! मी स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण तुपातला शिरा केला. तिघांनी मिळून परातभर शिरा संपवला.

तुझे केस किती कापलेस? खांद्यापर्यंत की त्याहून वर?

अम्मा


२० ऑगस्ट २००६

रंजू,

आज लिहायला बसले तेव्हा तीनदा उठले. एकदा दूध बघायला, दोनदा उगाच. आज विचारायचं आहे आणि या वेळी मला उत्तर हवं आहे.

एकोणिसावा भाग. टॅम्सीला दुसऱ्या शहरात एका स्पर्धेला जायचंय. तिची आई डॉक्टर आहे, ती नको म्हणते. मोठं भांडण आहे, मालिकेतलं एकुलतं एक. टॅम्सी दारात उभी राहून आईला एक वाक्य सुनावते आणि निघून जाते. गंमत बघ, त्या आईचा आवाज काढते मैथिली, वय वर्षं चोवीस, मला आंटी म्हणते.

माझं वाक्य होतं, "मी आता लहान नाही, अम्मा." सोपं. चौदा टेक झाले. प्रत्येक वेळी गुरुमूर्ती काचेपलीकडून मान हलवायचा. शेवटी आत आला, माझ्याशेजारी स्टुलावर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "अम्मा, शब्द मुलीचे आहेत, पण रागावताय आईसारख्या. तुम्ही तिला जिंकू देत नाही आहात."

मी पाणी प्यायले. म्हटलं, पुन्हा लावा.

पडदा लागला, टॅम्सी दारात उभी राहिली, आणि माझ्या तोंडून तिचं वाक्य आलंच नाही. "नी एन्न केक्कवे इल्ल, अम्मा." तू मला विचारलंच नाहीस. ओठांत अगदी चपखल बसलं. मैथिली रडत होती. गुरुमूर्ती म्हणाला, "हेच ठेवायचं."

कुणाचं वाक्य ते तुला माहीत आहे. भवानी अक्कांच्या दुकानातलं.

त्या दिवसाबद्दल मी आधीच्या पत्रांत "जे झालं ते झालं" असं लिहिलं होतं. आता झालं ते लिहिते. तांबरमला कॉलेजात गेले, तेव्हा कळलं की तू चार महिने वर्गात बसलेली नाहीस. तिथून थेट भवानी अक्कांच्या शिवणाच्या दुकानात. तू मशीनवर होतीस. टेबलावर कुणाच्यातरी लहान मुलीचा रेशमी परकर होता, अर्धा शिवलेला. दोन गिऱ्हाइकं बसली होती. तू उठून काही सांगायला लागलीस आणि मी कात्री उचलली. अप्पांना मी सांगितलं होतं की परकर ओढाताणीत फाटला. नाही, फाटला नाही. मी कापला. वरपासून खालपर्यंत, सावकाश, तू बघत असताना. तू म्हणालीस ते वाक्य, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसलीस.

तू इंजिनियर व्हावीस म्हणून मी त्या सीटसाठी दोन वर्षं किती दारं झिजवली ते मला पाठ होतं. तू काय व्हायचं म्हणतेस ते मी ऐकलं नव्हतं, कारण खरंच विचारलं नव्हतं.

आणि आता गंमत अशी की तुझं वाक्यही मी तुला न विचारता उचललं. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं. म्हणून गुरुमूर्तीला थांबायला सांगितलंय. फायनल मिक्सिंग ८ सप्टेंबरला आहे. तोवर ते बदलता येतं. पहिलं लिहिलेलं वाक्य मी म्हणेन, शंभर टेक लागले तरी चालतील. तू नको म्हणालीस तर ते वाक्य टीव्हीवर येणार नाही, आणि मी पुन्हा विषय काढणार नाही.

ठेवू का?

अम्मा


३ सप्टेंबर २००६

रंजू, रंजू,

पत्र मिळालं! शुक्रवारी. पोस्टमनकडून आजींनी घेतलं, चष्मा नसताना अक्षर ओळखलं आणि नंबर दिसेना म्हणून शेजारच्या वसंतामामींना मला ऑफिसात फोन लावायला बसवलं. मी साहेबांना सांगितलं, घरून अर्जंट आहे. ते म्हणाले, काही वाईट तर नाही ना? मी त्यांना एवढ्या मोठ्यानं "नाही!" म्हटलं की अकाउंट्समधल्या माना वर झाल्या.

चार ओळी. बसमध्ये पाठ झाल्या. तरी पुन्हा लिहिते, मला लिहायला बरं वाटतं.

"ठेव. पण मी तसं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, नी ओरु तडवै कूड केक्कल. एकदासुद्धा विचारलं नाहीस. घ्यायचं तर बरोबर घे.

माझी माफी नंतर माग. आधी भवानी अक्कांची.

त्या झग्याला उरेब कापलंय म्हणतात."

उरेब! हो, हाच शब्द. आणि एकदासुद्धा, हो, बरोबर, तू तेच म्हणाली होतीस. बघ, वाक्यसुद्धा मी माझ्या सोयीनं लहान करून घेतलं होतं.

काल सकाळी भवानी अक्कांकडे गेले. मला बघून त्यांनी मशीन थांबवलं नाही. मी उभी राहिले. पूर्ण बाही शिवून झाली, दोरा तोडला, मग म्हणाल्या, "काय कापायचंय आज?"

मी म्हटलं, "अक्का, चुकले. तुमच्या दुकानात, तुमच्या गिऱ्हाइकांसमोर. माफ करा."

त्यांनी बाही बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तो परकर ज्या पोरीचा होता तिचं नृत्य होतं रविवारी. तुझी मुलगी त्या दिवशी तू गेल्यावर इथंच बसली. कापलेल्या जागी दुसऱ्या रंगाची पट्टी घातली आणि अशी काही बेमालूम जोडली की ते मूळचंच डिझाइन वाटलं. पोरीच्या आईनं तसाच आणखी एक शिवायला सांगितला. मग रात्रीच्या आत घरी गेली आणि सकाळी गाडीत बसली. तुला सांगितलं नाही तिनं?"

मला कुठलं सांगणार? तू घरी आलीस तेव्हा मी तोंड भिंतीकडे करून निजले होते. जागी होते.

भवानी अक्कांनी मग मला बसायला स्टूल दिलं. मालिकेबद्दल विचारलं. त्यांना टॅम्सीच्या बसमधलं शिवणयंत्र कुठलं आहे ते हवंय. मी म्हटलं, बघून सांगते.

तिथून स्टुडिओ. आता ऐक अडचण. तुझं वाक्य पहिल्यापेक्षा लांब पडतं. टॅम्सी तोंड मिटते आणि आमचं "केक्कल" हवेत लोंबकळतं. गुरुमूर्ती म्हणाला, जुनं काय वाईट आहे अम्मा, अर्थ तोच आहे. मी म्हटलं, अर्थ तोच नाही. मुलीनं लिहून पाठवलंय, घ्यायचं तर बरोबर घे. तो हसला, डोकं खाजवलं. दीड तास लागला. भरभर म्हणून पाहिलं तर राग जातो, नुसती घाई उरते. शेवटी मैथिलीनंच सुचवलं. शेवटी टॅम्सी वळून दार उघडते ना, तिथं नुसती पाठ दिसते, ओठ दिसत नाहीत. "नी ओरु तडवै कूड" तोंडावर म्हणा, आंटी, आणि "केक्कल" पाठीवर.

तसंच केलं. एका टेकमध्ये. आणि रंजू, ते पहिल्याहून किती चांगलं झालंय! शेवटचा शब्द ती आईकडे न बघता म्हणते. आई मागे उभी असते आणि तिला फक्त पाठ दिसते.

आता माफी. भवानी अक्कांची झाली म्हणून मागते. मी तुझं काम कापलं. तुला चारचौघांत खाली बघायला लावलं. नंतर आठ-नऊ महिने ते झालंच नाही असं लिहीत राहिले. मला माफ कर. लगेच नाही केलंस तरी चालेल.

अम्मा


८ ऑक्टोबर २००६, रविवार, दुपार

रंजू,

तासापूर्वीच फोन ठेवला आणि तरी लिहायला बसले. कारण तुला तिकडून फक्त ऐकू येत होतं. इथं काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, आणि ते बघण्यासारखं होतं.

तिकडं पुण्यात ही मालिका हिंदीतच दिसते हे तू गेल्या रविवारी अप्पांना सांगितलंस, तेव्हापासून अप्पांच्या डोक्यात फोनची आयडिया घोळत होती. सकाळी नऊपासून त्यांनी टीव्ही आणि फोन यांच्यातलं अंतर तीनदा मोजलं. वायर अपुरी. शेवटी टीव्हीच स्टँडसकट ओढून हॉलच्या मध्यावर आणला. केबलची तार मग आजींच्या खुर्चीवरून न्यावी लागली. त्या अर्धा तास मान वाकडी करून बसल्या होत्या, पण खुर्ची सोडायला तयार नाहीत. समोर चटईवर अकरा मुली, दोन मुलगे, वसंतामामी, आणि दारात चप्पल न काढता भवानी अक्का, "शिवणयंत्र बघून जाते" म्हणून.

साडेदहाला एक मिनिट कमी असताना तुझा फोन वाजला आणि आख्ख्या हॉलनं "शू" केलं.

मी रिसीव्हर टीव्हीच्या दिशेनं धरून उभी राहिले. सुरुवातीचं गाणं लागलं. लोकांना ओढायला वाहिनीनं तो एकोणिसावा भागच सगळ्यांत आधी लावला होता. टॅम्सी पहिलं वाक्य बोलली आणि मुलींनी किंकाळी फोडली. आजी ओरडल्या, "हिचा आवाज! आमच्या सुनेचा!" तू ते ऐकलंस, हसलीस, ते मला रिसीव्हरमधून बारीकसं ऐकू आलं. म्हणून मी तो कानाला लावला. आणि तू विचारलंस, "अम्मा, तिनं काय घातलंय?"

अकरा महिन्यांनी माझ्याशी बोललेलं तुझं पहिलं वाक्य.

मग मी सुटलेच. मला दम कुठून आला कुणास ठाऊक. म्हटलं, जांभळा कोट आहे, गुडघ्यापर्यंत, कॉलर उभी, आत केशरी अस्तर, चालताना दिसतं. बाही मनगटाशी निमुळती, पाच बटणं. तू म्हणालीस, खांदा? मी म्हटलं, खांद्याला चुण्या, बारीक, सहा. तू म्हणालीस, मोजल्यास? मी म्हटलं, अगं, एकेक तुकडा चाळीस चाळीस वेळा बघितलाय, मोजणार नाही तर काय! मग हिरवा उरेबचा झगा आला, मग त्या दुसऱ्या पोरीची शेला गुंडाळल्यासारखी ओढणी आली, मग आईचा पांढरा डॉक्टरी कोट. तो मात्र बेतायला चुकलाय गं, पाठीत घोळ पडतो. तू म्हणालीस, कापड चिमटून डार्ट दिले नसतील. भवानी अक्का दारातून ओरडल्या, "डार्ट दिलेत, पण वर दिलेत, तिला सांग!" मी सांगितलं. चटईवरच्या मुली आता मलाच "शू" करायला लागल्या. वसंतामामींनी हात जोडले. अप्पा टीव्हीचा आवाज वाढवताहेत आणि मी त्याहून मोठ्यानं तुला पट्टा, बक्कल, खिशाचं झाकण सांगतेय.

ते भांडण त्यातच होऊन गेलं. रंजू, मला कळलंसुद्धा नाही. मी तेव्हा तुला दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या जाकिटाबद्दल सांगत होते. एकदम हॉल चिडीचूप झाला, मी वर बघितलं तर दार बंद झालं होतं आणि पडद्यावर एकटी आई उभी होती. दीड तास झगडून बसवलेलं वाक्य, आणि मी ते ऐकलंच नाही!

तू ऐकलंस. मला विचारायचं धाडस नव्हतं, तूच म्हणालीस, "बरोबर घेतलंस." आणि मग लगेच, "जाकिटाला झिप होती की बटणं?"

झिप होती. घाईत सांगायचं राहिलं, मागे फोनजवळ मुलींनी धिंगाणा घातला होता. टॅम्सीअक्का, बोलून दाखव, टॅम्सीअक्का, रागव ना. आजींनी सगळ्यांना मुरुक्कू वाटले आणि प्रत्येकीला सांगितलं की हा आवाज आमच्या घराण्यातला आहे. मी मिरजेची, त्या तंजावरच्या, पण असू दे.

भवानी अक्का जाताना म्हणाल्या, यंत्र खोटं आहे, सुई उलटी दाखवलीय.

आता मुख्य. फोनवर तू म्हणालीस की २२ तारखेला क्लासच्या मुलींचं कपड्यांचं प्रदर्शन आहे आणि तुझे तीन आहेत. ये असं म्हणाली नाहीस. "आलीस तर बघशील" म्हणालीस. मी फोन ठेवून मागे वळले तर अप्पा कपाटावरची सुटकेस खाली काढत होते. आजी येणार नाहीत, त्यांना टीव्हीवरचे पुढचे भाग चुकवायचे नाहीत. शुक्रवारी, २० तारखेला इथून निघतो, शनिवारी पुण्यात. गुरुमूर्तीला सुट्टी मागितली. तो म्हणाला, टॅम्सी आठवडाभर गप्प राहील, खुशाल जा.

स्टेशनवर येणार असशील तर तुझ्या हातानं शिवलेलं काहीतरी घालून ये. काय ते आधी सांगू नकोस, अप्पांनाही नको. मला गाडीच्या दारातून बघायचंय.

तुझी
अम्मा